आमच्या घरचा गॅस इलेक्ट्रिक आहे

युरोप खंडाला रशियाच्या वायूवरच्या अवलंबित्वातून मुक्त करण्याच्या ऐतिहासिक कार्याला माझाही हात लागलेला आहे. हात म्हणजे उजवा, आणि त्यातही मुख्यतः माउसवरचं बोट. ह्यूस्टनमधल्या एका कंपनीत मी शेड्यूलर आहे. टेक्सासच्या किनाऱ्यावर आमचा एक प्रचंड प्रकल्प उभा राहत होता. तिथे नैसर्गिक वायू उणे एकशे साठ अंशांपर्यंत गार करून त्याचं पाणी करतात, म्हणजे पाण्यासारखं काहीतरी, आणि ते जहाजात भरून समुद्रापार पाठवतात. त्यातली कुठली गोष्ट कधी पुरी होणार हे ज्याला त्याला विचारायचं, त्याने सांगितलेली तारीख वेळापत्रकात भरायची आणि पुढच्या आठवड्यात ती खोडून त्यानंतरची भरायची, एवढं माझं काम. मी तिथला एकही व्हॉल्व्ह फिरवलेला नाही.

हाच किनारा काही वर्षांपूर्वी परदेशातून गॅस आणण्यासाठी सजवला होता. अमेरिकेतला गॅस आता संपत आला, अशी तेव्हाच्या जाणकारांची खात्री होती. त्यांनी धक्के बांधले, टाक्या बांधल्या. मग इथल्याच खडकांतून इतका गॅस निघाला की ठेवायचा कुठे हा प्रश्न पडला, आणि तेच धक्के उलट्या दिशेने वापरायला काढले. जाणकार मात्र बदलले नाहीत. त्यांच्यापैकी काही जण आमच्या मीटिंगला अजून येतात.

युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि आमच्या वेळापत्रकाला अचानक नैतिक अधिष्ठान आलं. तोवर एखादा कॉम्प्रेसर उशिरा आला तर फक्त उशीर व्हायचा; आता लोकशाहीला धोका पोहोचू लागला. आमचे एक वरिष्ठ सगळ्यांना कॅफेटेरियात जमवून म्हणाले, "आपण गॅस नाही, स्वातंत्र्य निर्यात करतो." मला ते पटायला हरकत नव्हती. पण मग स्वातंत्र्य उणे एकशे साठ अंशांवर ठेवावं लागतं आणि झाकण नीट लावलं नाही तर उडून जातं, असंही म्हणायला हवं होतं. ते कोणी म्हटलं नाही.

त्याच वसंतात आई सोलापूरहून आमच्याकडे, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला आली.

बाबा जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. सोलापुरात तिचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन दुखरे गुडघे, आणि मी तिची एकुलती एक. तिने आता इथेच राहावं असं मला वाटत होतं. विमानतळावर तिच्या पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का बसला. तेवढ्या मुदतीत एक तर ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा, नाहीतर परतीचं तिकीट वापरायचं. मी विषय काढला की ती म्हणायची, "बघू. आधी जेवायला काय करायचं ते सांग."

मला वाटायचं ती टाळते आहे. ती टाळत नव्हती, ती मुद्द्यावर बोलत होती.

सोलापूरच्या माणसाला भाकरी लागते. ज्वारीची, रोज, आणि फुगलेली. पुण्याच्या माझ्या नवऱ्याला हे लग्नानंतर कळलं आणि तो अजून त्यातून सावरलेला नाही. आता आमच्या घरात गॅस येतो, येत नाही असं नाही. तो रस्त्याखालच्या पाइपमधून गॅरेजपर्यंत येतो, आंघोळीचं पाणी तापवतो, थंडीत घर तापवतो, आणि तिथेच थांबतो. स्वयंपाकघरात मधोमध ओटा आहे आणि त्यावर काळ्या काचेची इलेक्ट्रिक शेगडी. घर बांधणाऱ्याने ते असं का केलं कोणास ठाऊक. त्याला आंघोळ महत्त्वाची वाटत असावी.

पण मराठी माणसाच्या तोंडी शेगडी म्हणजे गॅस. इथे येऊन कितीही वर्षं होवोत, आमच्या घरात 'गॅसवर दूध आहे' आणि 'गॅस बंद केलास का' हीच वाक्यं चालतात. पहिल्या सकाळी आईने विचारलं, "गॅस कुठाय गं?"

"हा काय समोर. आमचा गॅस इलेक्ट्रिक आहे."

वाक्य तोंडातून गेल्यावर मला त्यात काहीही खटकलं नाही.

आई काचेकडे वाकून बघत राहिली. "जाळ कुठाय याला?"

"जाळ नसतो. काच लाल होते."

"झाली होती लाल. विझली की."

"ती मधूनमधून बंद होते. आपोआप. मग परत लागते."

"म्हणजे लोडशेडिंग," आई म्हणाली.

भाकरीची तिची रीत ठरलेली. थापायची, तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं, उलटायची, आणि शेवटी तवा बाजूला करून ती जाळावर धरायची की टम्म फुगून पापुद्रा सुटतो. इथे तवा बाजूला केल्यावर खाली काच. तिने भाकरी काचेवर ठेवली. ती चिकटली, करपली, आणि छतावरचा अलार्म बोंबलायला लागला. हायस्कुलातली माझी मुलगी खाली धावत आली. टॉवेलने धूर हाकलत ती म्हणाली, "आजी, टेक्निकली इट्स नॉट गॅस. इट्स ग्लास."

"मी पण तेच म्हणते की," आजी म्हणाली. "गलास."

आठवडाभर आईने वातड, न फुगलेली भाकरी खाल्ली. मग अर्धीच खायला लागली. मग एक दिवस म्हणाली, "ब्रेड आण बाई तुमचा." ते वाक्य मला परतीच्या तिकिटासारखं ऐकू आलं.

समोरच्या घरात एक काकू राहतात. मूळच्या नागपूरच्या. सत्तरच्या दशकात नवऱ्याबरोबर इथे आल्या. काका डॉक्टर होते, ते गेल्याला काही वर्षं झाली. मुलगा तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला असतो आणि रविवारी फोन करतो. आमच्या मराठी मंडळाच्या त्या इतक्या जुन्या सभासद आहेत की अध्यक्ष कोणीही असो, माइक आधी त्यांच्याकडे जातो. आई आल्याचं कळल्यावर त्या डब्यात जवसाची चटणी घेऊन आल्या आणि पाणी पिण्याआधी त्यांनी आमचं स्वयंपाकघर पाहून घेतलं.

"तुमची मुलगी गॅसमध्ये आहे न?" त्यांनी आईला विचारलं. "अख्ख्या युरोपला गॅस पाठवून राहिली, आणि घरी शेगडीला गॅस नाही?"

"मी फक्त तारखा भरते, काकू," मी म्हटलं.

"मग आईच्या भाकरीची पण एक तारीख भर." मग आईकडे वळून म्हणाल्या, "अहो ताई, माझ्याकडे सहा बर्नर आहेत. खरा गॅस. या न रोज. मी एकटीच तर असते."

आई दुसऱ्या दिवसापासून जाऊ लागली. सकाळी अकराला पिठाचा डबा आणि आपली परात घेऊन रस्ता ओलांडायची आणि साडेबाराला फडक्यात गुंडाळलेल्या फुगलेल्या भाकऱ्या घेऊन परत यायची. चेहऱ्यावर रंग आला. एकदा तर तिने मला विचारलं, इथे ज्वारी कुठून येते. टेक्सासातच पिकते म्हटल्यावर तिचा टेक्सासबद्दलचा आदर वाढला. मी मनातल्या मनात अर्ज भरायला घेतला.

पण ज्याच्या हातात नळ असतो त्याला तो हातात आहे हे फार दिवस विसरता येत नाही. आधी काकूंनी वेळ बदलली. "उद्या अकराला नको, माझं झूमवर भजन आहे." परवा दोनला नको, सीरियल आहे. मग सीरियल चालू असतानाच या, असं ठरलं. ती हिंदी होती, आणि तीत सासू काय म्हणाली हे काकू आईला मराठीत सांगायच्या, भाकरी थापताना. मग चव. "तुमच्याकडे शेंगदाण्याचीच चटणी का हो सगळ्याला? जवस खाऊन पहा, गुडघ्याला बरं." एकदा चार बायका चहाला बोलावल्या होत्या, त्यांच्यासमोर म्हणाल्या, "भाकरी आम्ही नाही खात बापा. जड होते. यांना लागते, म्हणून मी म्हटलं, या."

आई त्या दिवशी रोजच्यापेक्षा बरीच आधी परत आली. फडक्यात दोनच भाकऱ्या होत्या.

"मी त्या बाईच्या गॅसवर जगायची नाही," ती म्हणाली.

माझ्या कानात ऑफिसातले शब्द वाजत होते. तिकडे त्याच महिन्यात आम्ही 'पुरवठ्याचे स्रोत वाढवणे' या विषयावर मीटिंगमागून मीटिंग करत होतो. एखादी उपमा फारच आपोआप जमली की मी तिच्यावर जरा नजर ठेवते. सोयीच्या उपमा माणसाकडून मूर्ख कामं करून घेतात. पण आई ब्रेडवर आली होती, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी घरी स्रोत वाढवायला घेतले.

आधी प्लंबर बोलावला. तो गॅरेजमध्ये गेला, स्वयंपाकघरात आला, जमिनीवर टाच आपटली. खाली सिमेंटचा सलग थर आहे, तो फोडावा लागेल, नाहीतर पाइप माळ्यावरून फिरवून भिंतीतून उतरवावा लागेल, आणि ओटा तर भिंतीपासून लांब. गॅरेज ते ओटा हे अंतर आई पंधरावीस पावलांत चालायची. मी ज्या कंपनीत काम करते ती टेक्सासचा गॅस जर्मनीला पोहोचवणार होती, आणि त्या पंधरावीस पावलांपुढे आम्ही हात टेकले.

मग नवऱ्याने कोरियन दुकानातून डबीच्या गॅसवर चालणारी छोटी शेगडी आणली. तिच्यावरच्या सूचना त्याने मोठ्याने वाचल्या, इंग्रजी आणि मग न कळणारी कोरियनसुद्धा, आणि म्हणाला, "यार, हे घरात नको. इन्शुरन्सवाले विचारतील." ती परत गेली.

शेवटी उत्तर मागच्या अंगणात सापडलं. तिथे आमची एक ग्रिल होती, चार जुलैच्या सुट्टीला मक्याची कणसं भाजण्यापुरती. तिला बाजूला एक सुटा बर्नर होता, आणि खाली सिलिंडर.

आईने तो सिलिंडर पाहिला आणि तिचा चेहरा पालटला. नातेवाईक भेटावा तशी तिने त्याच्यावर टिचकी मारली. "अगं, सिलिंडर आहे की घरात! आधी नाही का सांगायचं? नंबर कधी लावायचा?"

"आई, नंबर नाही लावावा लागत," नवरा म्हणाला. "पेट्रोल पंपावर मिळतो. रिकामा द्यायचा, भरलेला घ्यायचा."

"लगेच?"

"लगेच."

"आणि सबसिडी?"

"ती नाही मिळत."

"मग बरोबर," आई म्हणाली. काहीतरी खोट असणार हे तिला आधीपासून वाटत होतं.

शुगर लँडचा उन्हाळा म्हणजे ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवल्यासारखं असतं. त्या हवेत आई सकाळी लवकर नऊवारी खोचून, डोक्यावर जावयाची मासेमारीची टोपी घालून ग्रिलसमोर उभी राहायची. वारा आला की जाळ आडवा व्हायचा. मग मी बेकिंग ट्रे धरून आडोसा करायची. पहिली भाकरी फुगली तेव्हा शेजारचा अमेरिकन म्हातारा कुंपणापलीकडून टाळ्या वाजवत होता. त्याला काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही. आईने त्यातल्या दोन भाकऱ्या ताटलीत घालून स्वतः समोर काकूंना नेऊन दिल्या. हा शेजारधर्म नव्हता.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"छान झाल्यात म्हणाली. जरा धुराचा वास येतो म्हणाली."

त्या दिवसापासून समोर जायचं कारणच उरलं नाही. आम्ही स्वतंत्र झालो.

गणपतीत मंडळाने मला भाषणाला उभं केलं. पोस्टरवर 'युरोपची ऊर्जामुक्ती आणि मराठी मन' असा विषय होता. मराठी मनाचा त्यात काय संबंध हे मी पोस्टर करणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "ते आपण सगळ्याच विषयांना लावतो." ओळख काकूंनी करून दिली, अर्थातच, आणि मी नसते तर बर्लिन अंधारात बुडालं असतं इथवर नेऊन सोडली. मी बोलले. प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न आला, "गॅस तिकडे पाठवता म्हणून आमचं बिल वाढलंय का?" दुसरा प्रश्न जेवण कधी आहे हा होता. काकू पुढच्या रांगेत बसल्या होत्या, आई शेवटच्या. प्रसादाच्या रांगेतही त्यांनी आपापली टोकं सोडली नाहीत.

आणि मग मला एक गोष्ट कळेनाशी झाली. भाकरी फुगत होती. सिलिंडर पंपावर मिळत होता. आईने तर आता खूश असायला हवं होतं. पण ती पुन्हा अर्धी भाकरी टाकू लागली. सकाळी अकराच्या सुमारास पुढच्या खिडकीशी उभी राहायची, रस्त्याकडे बघत. एक दिवस तिने विचारलं, "ते तिकीट बदलायला पैसे पडतात, की आहे त्या तारखेला गेलं तर नाही पडत?"

मी म्हटलं, "नाही पडत."

"बघू," ती म्हणाली. या वेळी तिने जेवणाचं काही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसात जर्मनीहून गॅस विकत घेणाऱ्या कंपनीचे एक गृहस्थ आले होते. मऊ बोलणारे, थकलेले. जेवायला ते माझ्या टेबलावर बसले, बहुधा दुसरीकडे जागा नव्हती म्हणून. मी त्यांना विचारलं, की आता तुम्ही रशियापासून पूर्ण सुटणार ना?

ते म्हणाले, पाइपमधून येणारा जवळजवळ थांबलाय, आणि नळ त्यांनीच बंद केला. पण जहाजांनी येणारा त्यांचाही थोडा युरोपात उतरतोच. द्रव झाल्यावर कुठला कुणाचा ते ओळखू येत नाही. मग बटाटा काट्याने इकडून तिकडे करत म्हणाले, "पाइप असताना आम्हाला फक्त आमचं टोक दिसायचं. आम्ही अडकलोय असंच सगळे म्हणायचे. पण पाइप उचलून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळवता येत नाही. त्यांच्या टोकाला गॅस साचत राहतो, आणि घ्यायला कोणी नसतं. मग तो तिथेच जाळून टाकतात."

त्यांनी हे कुठल्याही आवेशाशिवाय सांगितलं. ऐकताना मला समोरचं घर आठवलं, आणि आपल्याला ते आठवलं याचा थोडा रागही आला, कारण उपमांवर नजर ठेवायचं मी ठरवलं होतं.

त्या शनिवारी काकूंचा फोन आला. आईला नाही, मला.

"जरा येऊन जाशील का? घरात गॅसचा वास येऊन राहिला."

मी धावत गेले. पाइपमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, हे फारसं कोणाला माहीत नसतं. गळती झाली तर कळावी म्हणून कंपनी त्यात मुद्दाम सडक्या अंड्यासारखा वास मिसळते. मी दारापासून हुंगत गेले. शेगडीपाशी, ओट्याखाली, मागच्या बाजूला. काही नाही. खिडकी उघडी नव्हती, पंखा चालू नव्हता, आणि काकू घाबरलेल्याही दिसत नव्हत्या.

"नाही येत न?" त्या म्हणाल्या.

"नाही काकू."

"मला वाटलं बापा." त्यांनी खुर्ची पुढे केली. "आलीच आहेस तर बस. सरबत घे."

बर्फासाठी त्यांनी फ्रीझरचा खण ओढला. तो जवळजवळ रिकामा होता. बर्फाचा एक ट्रे, आणि चपट्या, गोल, अॅल्युमिनियमच्या कागदाच्या घड्यांचा ढीग. नुसताच कागद, आत काही नाही, आणि प्रत्येक घडी हाताने नीट सपाट केलेली.

मी बघते आहे हे त्यांनी पाहिलं. खण बंद केला नाही.

"तुझ्या आईच्या भाकरी होत्या," त्या म्हणाल्या. "रोज दोन करवून घेत होती मी जास्तीच्या, पाहुण्यांना लागतील म्हणून. एकेक काढून पुरवली. परवा संपल्या."

त्या वर्षी साऱ्या युरोपात हिवाळ्याआधी साठे भरायची घाई चालली होती. मी ऑफिसात रोज ते आलेख पाहत होते. पुरवठा करणाराच गुपचूप साठा करून ठेवतो, असा आलेख मात्र मी पाहिला नव्हता.

"पण तुम्ही तर म्हणालात, भाकरी खात नाही."

"लोकांसमोर नाही खात."

मी सरबत प्यायले. काकू कागदाच्या घड्या एकावर एक रचत होत्या.

"डॉक्टर गेल्यापासून ही शेगडी पेटवलीच नव्हती मी," त्या म्हणाल्या. "चहा मायक्रोवेव्हमध्ये. दुपारी सीरियल, दुधातलं. रात्री पण तेच. तुझी आई यायची तर सहापैकी दोन तरी बर्नर चालू असायचे. आवाज यायचा न घरात. थापायचा." मग एकदम आवाज चढवून म्हणाल्या, "हे तिला सांगायचं काही कारण नाही."

मी घरी जाऊन सगळं सांगितलं. मध्यस्थाने काय सांगावं आणि काय नाही याचे नियम असतील. मला ते ठाऊक नाहीत. आई वाटाणे सोलत होती. हात थांबले नाहीत, पण शेंगा संपल्यावरही ती रिकाम्या साली पुन्हा चाचपत राहिली.

"कागदात गुंडाळून ठेवल्या?" तिने विचारलं. "कशा लागत असतील गं त्या. चामड्यासारख्या."

"खाल्ल्या त्यांनी सगळ्या."

"येडी आहे का ती बाई." तिने साली गोळा करून टोपलीत टाकल्या. मग म्हणाली, "तिला सांग, मी येईन. पण थापताना टीव्ही बंद. अकरा म्हणजे अकरा, भजन पुढे ढकल म्हणावं. आणि माझ्यासमोर जवसाचं कौतुक नको."

मी रस्ता ओलांडून अटी कळवल्या. काकूंनी त्या उभ्यानेच ऐकल्या.

"टीव्ही बंद, ठीक आहे. अकरा, ठीक आहे. जवसाचं नाही जमणार," त्या म्हणाल्या. "आणि भात मी करणार. ताईंचा भात गिच्च होतो."

मी परत येऊन हे आईला सांगितलं.

"माझा भात?" आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी आठवड्यांनी खरा संताप दिसला. "उद्या जाते आणि बघते तिचा भात." मग पदराला हात पुसत तिने विचारलं, "तो तुझा अर्ज आहे ना, कार्डाचा? त्यावर सही कुठे करायची असते?"

मी जपून विचारलं, "म्हणजे राहणार?"

"तिला थापायला येत नाही अजिबात. कडा फाटतात. शिकवायला वेळ लागणार."

परतीचं तिकीट रद्द केलं. त्याचे पैसे परत मिळाले नाहीत. आई दुसऱ्या दिवशी अकराला परात घेऊन गेली आणि दुपारी उशिरा आली. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. फक्त भात बरा होता, थोडा कच्चा, एवढंच म्हणाली.

आमच्या प्रकल्पातून पुढे जहाजं निघाली. पहिलं जहाज निघालं तेव्हा वरिष्ठांनी पुन्हा कॅफेटेरियात भाषण केलं, केक कापला. ते जहाज युरोपला जायचं होतं. अर्ध्या वाटेत आशियातल्या कोणी जास्त भाव दिला म्हणून ते तिकडे वळलं, असं नंतर कानावर आलं. वेळापत्रकाच्या दृष्टीने ते वेळेवर निघालं होतं, आणि मला तेवढंच भरायचं होतं.

पुढच्या वर्षी काकूंचा मुलगा बॉथेलहून आला. एकट्या म्हाताऱ्या आईच्या घरात उघडा जाळ नको, असं त्याने ठरवलं, सहा बर्नरची शेगडी काढून टाकली, पाइपला टोपण बसवलं आणि तिच्या जागी बिनजाळाचं इंडक्शन बसवून रविवारच्या आत परत गेला. आई आजही रोज अकराला तिकडे जाते. भाकरी तव्यावरच ठेवून दुमडलेल्या फडक्याने कडेकडेने दाबली की फुगते, हे दोघींना त्या इंडक्शनवर कळलं. तशी ती कुठल्याही शेगडीवर फुगते, आमच्याही.